नऊ रात्री डोंगरात, नऊ रात्री समुद्राकाठी : स्काडी-न्योर्डची कादंबरी लिहिताना

स्कँडिनेव्हियाच्या जुन्या, म्हणजे नॉर्स पुराणांतल्या या कथेचा मूळ ऐवज किती, ते आधी सांगायला हवं. योटुन या देवांच्या प्रतिस्पर्धी कुळातली स्काडी बापाच्या खुनाचा सूड घ्यायला शिरस्त्राण, चिलखत आणि सगळी हत्यारं लेवून देवांच्या दारात उभी राहते. देव भरपाई देऊ करतात : आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पाय बघून. सगळ्यांत देखणे पाय बाल्डरचेच असणार, असं धरून ती बोट दाखवते. पाय निघतात समुद्रदेव न्योर्डचे. मग तिच्या डोंगरातल्या घरी नऊ रात्री, त्याच्या बंदरावरच्या घरी नऊ रात्री. त्याला लांडगे झोपू देत नाहीत, तिला समुद्रपक्षी. ती परत डोंगरात जाते, स्कीवर हिंडते, शिकार करते. संपलं.

एवढ्यावरून सव्वीस प्रकरणांची, एक लाखाच्या आसपास शब्दांची मराठी प्रेमकादंबरी आम्ही दोघींनी लिहून पुरी केली. ती कशी बांधली, कुठे मोडली आणि मोडलेलं कसं सांधलं, ते इथे लिहितो आहोत. उत्तरेच्या या पुराणांवर मराठीत काही करू पाहणाऱ्याला यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिला महिना कादंबरीचं एक वाक्यही लिहिलं नाही, तक्ता केला. एका रकान्यात घटना, शेजारी ती कुठल्या ग्रंथात येते, तो ग्रंथ कधीचा, आणि शेवटी ‘घ्यायची की सोडायची’. हे टाळलं की पुढे हमखास घोळ होतो, कारण ही पुराणं एकसंध नाहीत. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननं गद्य एड्डा, म्हणजे या कथांचा गद्य ग्रंथ, १२२० च्या सुमारास लिहिली. आइसलंडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन १००० च्या सुमारास. म्हणजे स्नोरी लिहीत होता तेव्हा या देवांची उघड पूजा थांबून दोन शतकं झालेली. काव्य एड्डा म्हणजे याच कथांच्या जुन्या काव्यांचा संग्रह. त्याची मुख्य पोथी, कोडेक्स रेगियस, १२७० च्या सुमारास चामड्यावर लिहिलेली. तिची ४५ पानं उरली आहेत, मधली काही गहाळ आहेत. या साहित्यात स्काडी विखरून सापडते, आणि प्रत्येक ठिकाणची वेगळी.

गद्य एड्डाच्याच हस्तलिखितांत फरक आहे. कुठे डोंगरात नऊ आणि समुद्राकाठीही नऊ, कुठे डोंगरात नऊ आणि समुद्राकाठी तीनच. आम्ही नऊ-नऊ घेतल्या, कारण दोघांना सारखी वेळ मिळाली तरच निवाडा न्याय्य वाटतो. ‘इंग्लिंगा सागा’ (सागा म्हणजे जुनी गद्यकथा) म्हणते की न्योर्डला सोडून स्काडीनं पुढे देवांचा प्रमुख ओडिन याच्याशी संसार केला आणि तिला बरेच मुलगे झाले. ‘लोकासेन्ना’ या काव्याच्या सुरुवातीच्या गद्यात मात्र समुद्राचा स्वामी एगिर याच्या मेजवानीला आलेल्यांत ‘न्योर्ड आणि त्याची बायको स्काडी’ अशी सरळ नोंद आहे. ‘स्किर्निसमाल’ या काव्यात न्योर्डचा मुलगा फ्रेयर उदास होऊन बसतो, तेव्हा ‘जा, त्याला काय झालंय विचार’ असं सांगणारी पहिली व्यक्ती स्काडीच आहे. सावत्र आई म्हणून घरात वावरणारी. ही दोन टिपणं तक्त्यात शेजारी आली आणि कादंबरीचा शेवट तिथेच दिसला. तो सगळ्यात शेवटी सांगतो.

तक्ता झाल्यावर खरा पेच उभा राहिला. प्रेमकादंबरीचा वाचक दोघं शेवटी एकत्र येणार या भरवशावर पुस्तक उचलतो. इथे तर दोघं वेगळी होतात, हे कुणीही शोधून आधीच वाचू शकतं. ‘एकत्र येतील का’ ही ओढ वापरताच येत नाही. तिच्या जागी दुसरी ओढ हवी, आणि ती आम्ही अशी ठरवली : कोण किती सोडू शकतं, आणि काय सोडायला सांगणं अन्याय ठरेल. हे कागदावर लिहून भिंतीला लावलं. ज्या प्रसंगात या प्रश्नाला धक्का लागत नाही, तो प्रसंग गेला. दुसऱ्या खर्ड्यात अशी अकरा प्रसंगांची कात्री लागली, त्यात बर्फाळ राक्षसाशी झालेली एक चांगली रंगलेली लढाईही होती.

लांडगे आणि समुद्रपक्षी यांच्यावर अठरा रात्री निभत नाहीत. आवाजाची तक्रार पहिल्या दोन रात्रींत संपते. तिच्या खाली दुसरं काहीतरी लागतं, आणि ते मूळ कथेतच पडलेलं आहे. स्काडीचा बाप त्याझी गरुडाच्या रूपात, देवांना तरुण ठेवणारी सफरचंदं राखणाऱ्या इदुनच्या मागावर उडत आला, देवांनी तटापाशी रचलेला लाकडाचा भुसा पेटवला, पंख जळून तो कोसळला आणि दाराच्या आत मारला गेला. भरपाईचा भाग म्हणून ओडिननं त्याचे डोळे आकाशात फेकले, त्यांचे दोन तारे झाले. आता विचार करा. थ्रिमहेइम हे डोंगरातलं घर त्याझीचं. न्योर्ड तिथे झोपतो म्हणजे ज्याला त्याच्या लोकांनी मारलं, त्याच्या घरात झोपतो. आणि स्काडीला डोंगरात रोज रात्री बापाचे डोळे दिसतात. न्योर्डच्या बंदरावर धुकं असतं, तिथे दिसत नाहीत. लांडगे आणि पक्षी ही बोलता येण्याजोगी कारणं, ही दोन न बोलण्याजोगी. पहिली आम्हाला मिळाली, दुसरी आम्ही जोडली. पण दुसरी मिळालेल्या सामानातूनच जोडली, म्हणून ती कथेला चिकटून बसली. बाहेरून आणलेली कारणं (एक शाप, एक जुनी प्रेयसी) पहिल्या खर्ड्यात होती, ती दोन्ही उपरी वाटत राहिली.

पायांची निवड मराठीत लिहिताना ‘स्वयंवर’ हा शब्द आपोआप येतो. तो आम्ही मुद्दाम एकदाही वापरला नाही. स्वयंवरात उमेदवार पराक्रम दाखवतो, पैज किंवा मंडप असतो, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे द्रौपदी उभी राहते. इथे खुनाची भरपाई चालली आहे. निवडणारी एकटी बाई आहे आणि निवडला जाणारा पुरुष ‘हो’ म्हणाला की नाही, हे कुणी विचारत नाही. शिवाय न्योर्ड मुळात व्हानिर कुळातला, दोन देवकुळांच्या युद्धानंतर ओलीस म्हणून एसिर देवांकडे दिलेला. एकदा दिला गेलेला माणूस दुसऱ्यांदा दिला जातो आहे. हे ध्यानात आल्यावर लग्नाचं प्रकरण त्याच्या बाजूनं नव्यानं लिहिलं, आणि पुस्तकातलं ते सगळ्यात भक्कम प्रकरण झालं.

याच भरपाईत दुसरी अट आहे, स्काडीला हसवण्याची. खोडकर लोकी दोरीचं एक टोक शेळीच्या दाढीला बांधतो, दुसरं स्वतःच्या वृषणांना, दोघं ओढाओढ करत किंचाळतात, आणि तो तिच्या मांडीवर येऊन पडतो तेव्हा ती हसते. प्रसंग गाळायचा मोह होतो. गाळू नये. बाप मेल्यापासून ती हसली नाही, हीच तर अट आहे. आम्ही शेळीला तीन ओळी दिल्या आणि हसण्याला दीड पान : हसू आवरत नाही, श्वास लागतो, चिलखताचे बंद काचतात, आणि हसता हसता ती पहिल्यांदा रडते. देवांना दोन्हीतला फरक कळत नाही. एकट्या न्योर्डला कळतो.

आता नावं. हे काम आठवडाभराचं वाटतं, त्याला दोन महिने लागतात. जुन्या नॉर्समध्ये बऱ्याच पुल्लिंगी नावांना प्रथमेचा ‘र’ लागतो आणि इतर विभक्तींत तो गळतो. मराठी प्रत्यय लावायचे तर तो आधीच काढलेला बरा : न्योर्डर नको, न्योर्ड. बाल्डरचा ‘र’ मात्र मूळ शब्दाचाच आहे, तो काढून ‘बाल्ड’ केलं तर चूक. फ्रेयरचा ‘र’ नियमानं काढायला हवा, पण मग ‘फ्रेयला’ आणि त्याची बहीण फ्रेया हिचं ‘फ्रेयाला’ यांत एका कान्याचा फरक उरतो, आणि भाऊबहीण एकाच प्रसंगात असले की वाचक अडखळतो. म्हणून तिथे नियम मोडून ‘र’ ठेवला. ‘वानिर’ हे उच्चाराला जवळचं, पण देवनागरीत भरभर वाचताना डोळा ‘वानर’ वाचतो. चारही पहिल्या वाचकांनी ही एकच तक्रार केली, त्यावर ‘व्हानिर’ केलं. ‘थॉर’वरचा चंद्र छपाईत फुटला की ‘थार’ होतो, आणि चंद्राऐवजी नुसती मात्रा पडली तर थॉरचा ‘थोर’. अंतिम मुद्रितात फक्त चंद्र शोधण्यासाठी एक स्वतंत्र वाचन करावं. ‘योटुन’चं भाषांतर राक्षस किंवा दैत्य करू नये. ओडिनची आई योटुन, थॉरची आई योटुन, फ्रेयरची बायको योटुन. ही सोयरीक आहे. ‘राक्षस’ म्हटलं की शिंगं, सुळे आणि रावण येतो, आणि स्काडीच्या बापाच्या मृत्यूचं दुःख वाचकापर्यंत पोचतच नाही.

नावांइतकंच वजन सर्वनामांना द्यावं लागलं, आणि मराठीत लिहिण्याचा खरा लाभ इथेच झाला. आधी संबोधनाचा प्रश्न आला. स्काडी ओडिनला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? जुन्या काव्यांत देव आणि योटुन एकमेकांना एकवचनातच बोलतात. मराठीतही देवाला आपण ‘तू’च म्हणतो, अभंगांनी ती सवय कानाला लावून ठेवली आहे. म्हणून सगळ्यांना सरसकट ‘तू’ दिलं, ‘अहो’ कुठेच नाही. पण मग नवराबायकोतली जवळीक वाढताना ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची नेहमीची पायरी हातून गेली. ती पायरी दुसऱ्या जागी सापडली. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’त समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. जुन्या नॉर्समध्ये ‘आम्ही दोघं’ला स्वतंत्र द्विवचन होतं, संस्कृतातल्या ‘आवाम्’सारखं. मराठीत ते उरलं नाही, पण ही आत-बाहेरची खूण उरली, आणि ती या गोष्टीला अधिक लागू पडते.

नियम असा केला : स्काडी ‘आम्ही’ म्हणेल ते योटुनांसाठी, न्योर्ड म्हणेल ते व्हानिरांसाठी, आणि सातव्या रात्रीपर्यंत पुस्तकात एकही ‘आपण’ येणार नाही. हा नियम पाळणं भलतं अवघड आहे. ‘आपण’ आदरार्थीही येतं, ‘आपणहून’ म्हणूनही येतं, आणि ‘ती आपल्या खोलीत गेली’ असं निवेदनात सहज पडतं. पहिल्या खर्ड्यात सातव्या रात्रीआधी अशी दोनशेच्या वर रूपं निघाली. संगणकावर ‘आपण’, ‘आपल’, ‘आपु’ असे तिन्ही तुकडे वेगवेगळे शोधावे लागतात, नाहीतर ‘आपला’ आणि ‘आपुलकी’ निसटतात. निवेदनात ‘आपल्या’ऐवजी ‘तिच्या’ किंवा ‘स्वतःच्या’ घातलं. काही वाक्यं ताठर झाली, ती पूर्ण मोडून नव्यानं लिहिली. सातव्या रात्री वारा सुटतो, छपरातल्या धुराच्या भोकावरची फळी निखळते, आणि न्योर्ड शिडीवर चढून ती दोरानं बांधतो. शेवटचा मजकूर असा :

‘त्यानं दोर आवळला, टोक दोनदा खालून घेतलं. “ही सुटायची नाही. आमच्याकडे शिडाला हीच गाठ मारतात.” खाली शिडी धरून उभी असलेल्या स्काडीच्या पापण्यांवर बर्फ साचलं होतं. “उतर आता,” ती म्हणाली. “आपण आत जाऊ.” तो उतरला. अर्ध्या शिडीवर थांबला, आणि मग उतरला.’

चुंबन नाही, स्पर्शही नाही. आधीची दोनशे ‘आपण’ काढली नसती तर ही ओळ कुणाला ऐकूच आली नसती. पहिल्या वाचकांपैकी एकीनं समासात फक्त एक उभी रेघ मारली होती, बरोबर त्या शब्दापाशी.

निवेदन दोघांच्या तोंडून, आलटून पालटून प्रथमपुरुषी आहे. प्रकरणावर नाव न घालताही कोण बोलतंय ते मराठीत कळतं, ‘मी उठले’ आणि ‘मी उठलो’ यांनी. पण क्रियापद सकर्मक असेल तर भूतकाळात ते कर्माप्रमाणे चालतं आणि बोलणारा लपतो. ‘मी दार उघडलं’ हे दोघांपैकी कुणाचंही वाक्य असू शकतं. म्हणून प्रत्येक प्रकरणाचं पहिलं वाक्य अकर्मक क्रियापदाचं ठेवायचं : आले, उतरलो, थांबले, जागा झालो. क्षुल्लक वाटेल, पण ही पथ्याची गोष्ट आहे. ती चुकली की वाचक अर्धं पान चुकीच्या माणसाच्या अंगात राहतो.

दोघांच्या तक्रारीची कडवी गद्य एड्डात ‘ल्योधाहाट्टर’ या छंदात आहेत. दोन अर्ध्या ओळी एकाच वर्णानं बांधलेल्या, आणि तिसरी ओळ स्वतःतच अनुप्रास साधणारी. आधी ओवीत करून पाहिलं. यमकं बसली, पण स्काडी जात्यावर बसल्यासारखी वाटू लागली. ओवीला मराठीत घर, माहेर आणि भाऊ इतके चिकटलेले आहेत की ते निघत नाहीत. मग यमक सोडून मूळ छंदाचीच बांधणी घेतली. सगळ्यात कमी तडजोड झालेलं कडवं हे :

समुद्राच्या शेजेवर, सरली झोप माझी,
किंकाळ्या किनाऱ्यावर कर्कश.
पहाटेच मला उठवी, पाण्यावरून आलेला
कुरव कोरड्या कंठाचा.

‘कुरव’ या शब्दासाठीही थांबावं लागलं. बरेच जण ‘सीगल’ लिहितात, पण कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात थव्यानं उतरणाऱ्या या पक्ष्याला मराठीत कुरव हे चांगलं नाव आहे. हंसाची अडचण उलटी. न्योर्डला हंसांचं गाणं आठवतं, आणि मराठीत हंस म्हटला की नीरक्षीर, सरस्वती आणि दमयंतीचा निरोप्या. उत्तरेचा हंस निराळा : पिवळ्या चोचीचा, थव्यानं उडताना कर्ण्यासारखा आवाज देणारा. त्याचं पहिलं दर्शन आवाजानं घडवलं आणि रंगाचा उल्लेख तीन पानांनंतर केला, तेव्हा कुठे जुनी प्रतिमा बाजूला सरली.

वस्तूंच्या चुका सगळ्यात लवकर पकडल्या जातात. शिंगांची शिरस्त्राणं नाहीत. ती १८७६ च्या, जर्मनीतल्या बायरॉइट इथल्या वाग्नरच्या ऑपेराच्या पोशाखांमुळे रूढ झाली. नॉर्वेत गेर्मुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलेल्या शिरस्त्राणाला शिंगं नाहीत, नाका-डोळ्यांवर चष्म्यासारखी लोखंडी पट्टी आहे. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची नाही. जेवणात सातूची भाकरी चालते, आणि हा शब्द बिनदिक्कत वापरावा, कारण ती लांब दांड्याच्या लोखंडी तव्यावरच भाजत. फक्त चूल नको. घराच्या मधोमध लांबट अग्निकुंड असे आणि धूर छपरातून जाई. ‘स्किर’ म्हणजे आपला चक्का, तसंच लिहिलं. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे कॉड मासा लाकडी चौकटींवर टांगून वाळवतात. त्याला ‘वलांडी’ म्हटलं की वसई-वर्सोव्याच्या बोंबलांमुळे चित्र लगेच उभं राहतं. फरक मात्र सांगावा लागतो : तिथे मीठ नाही आणि उन्हाचा भरवसाही नाही, मासा थंड कोरड्या वाऱ्यावर वाळतो. इदुनच्या सफरचंदांनाही लालबुंद, मोठं करू नये. ८३४ सालच्या, नॉर्वेतल्या ओसेबर्ग इथल्या जहाजदफनात सापडली ती रानटी सफरचंदं होती, लहान आणि आंबट जातीची.

न्योर्डचं घर लोफोटेनमधल्या बोर्ग इथे उत्खननात सापडलेल्या सरदारवाड्याच्या मापावर बेतलं, लांबी ८३ मीटर. माप घेतल्याचा फायदा लगेच दिसला. अशा घरात एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही, पण मधल्या कुंडापाशी बसलेले सगळे ऐकतात. एकांतासाठी फळ्यांनी बंद केलेली झोपण्याची खोपटी असे. प्रेमकादंबरीतला ‘एकच बिछाना’ तिथे आपोआप मिळतो, ओढून आणावा लागत नाही.

स्काडीच्या स्कीसाठी नॉर्वेतल्या डिगरवार्डन डोंगरावर बर्फातून निघालेली जोडी डोळ्यांपुढे ठेवली. एक २०१४ मध्ये सापडली, तिची जोडीदार २०२१ मध्ये, दोन्ही सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या. दुसरी १८७ सेंटीमीटर लांब आणि १७ सेंटीमीटर रुंद, बर्चच्या पिळलेल्या फांद्यांची आणि चामड्याची बांधणी, आणि वापरून वापरून दुरुस्त केलेली. ही दुरुस्ती फार कामाला आली. बांधणी तुटणं, ओल्या फांद्या पिळणं, भोकात खुंटी ठोकणं हे सगळं थंडीत, उघड्या बोटांनी. पाचव्या रात्रीचं पूर्ण प्रकरण या एका दुरुस्तीवर उभं आहे. तो दोर वळणारा, ती फांद्या पिळणारी, दोघांचे हात एकाच कामात आणि दोघांची पद्धत वेगळी.

प्रकाशाचं गणित चुकलं तर सगळं खोटं वाटतं. बोर्गच्या पट्ट्यात डिसेंबरात काही आठवडे सूर्य उगवतच नाही, दुपारी निळसर उजेड येतो आणि जातो. तिथे ‘सकाळी ऊन आलं’ चालणार नाही. उलट मे अखेरीपासून सूर्य मावळत नाही, म्हणजे तारे दिसत नाहीत, म्हणजे त्याझीचे डोळेही दिसत नाहीत. हे लक्षात येताच समुद्राकाठच्या नऊ रात्री उन्हाळ्यातून उचलून शरदात आणल्या आणि प्रकरण चौदापासून पुढचं सगळं हवामान बदललं. वर्षं मोजण्याचंही तसंच. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे न्योर्डच्या तोंडी सहज आलं होतं. त्या लोकांत वय हिवाळ्यांत मोजत. ‘चार हिवाळे जास्त काढलेत’ केलं, आणि ‘पाहिलेत’चं ‘काढलेत’ झाल्यानं वाक्याला त्या देशाची थंडी आली.

रचनेचा हिशेब सुरुवातीला सोपा वाटला होता : आधीची पाच प्रकरणं, अठरा रात्रींची अठरा, शेवटची तीन. दर प्रकरणी चार हजार शब्द. लिहून झाल्यावर चौथ्या रात्रीपाशीच लय ओळखीची झाली. रात्र, आवाज, जाग, बोलणं. मग रात्री असमान केल्या. पहिली रात्र नऊ हजार शब्दांची, दोन प्रकरणांत. डोंगरातली तिसरी आणि चौथी मिळून अर्ध्या पानात. समुद्राकाठच्या दुसऱ्या रात्रीत काहीच घडत नाही, तिथे फक्त तिची झोप मोजली आहे, लाटांच्या हिशेबानं. प्रकरणांची संख्या सव्वीसच राहिली, पण सगळ्यात लहान प्रकरण आता १४० शब्दांचं आहे.

जादू कमी ठेवली. ‘सेइड’ ही विद्या फ्रेयानं एसिरांना शिकवली, असं इंग्लिंगा सागेत येतं. ‘एरिक द रेड’च्या सागेत ग्रीनलंडमधली भविष्य सांगणारी बाई काळ्या कोकराच्या टोपीत येते, आणि तिच्या विधीसाठी एक ठरावीक गाणं लागतं, ते येणारी एकच तरुणी सापडते, आणि ती ख्रिस्ती असल्यानं आधी नकार देते. विद्येला दुसऱ्याचा आवाज लागतो, हा नियम तिथून उचलला. कादंबरीत फ्रेया सावत्र आईला झोप देऊ करते, पण गायला न्योर्ड हवा, आणि त्याला योटुनांचं अंगाईगीत येत नाही. ते तो शिकतो, चुकीच्या उच्चारांसह.

वेगळं होण्याच्या प्रसंगाला आधार ‘न्याल सागे’तून मिळाला. तिथे उन्न नावाची बाई नवऱ्यापासून फारकत घेते ती साक्षीदार बोलावून : एकदा बिछान्यापाशी, एकदा मुख्य दारापाशी, आणि मग सभेत. अठराव्या रात्रीनंतर स्काडी बिछान्यापाशी साक्षीदार बोलावते आणि म्हणायचं ते म्हणते. दारापाशी येते. साक्षीदार थांबलेले असतात. ती स्की पाठीला बांधते आणि काही न बोलता बाहेर पडते. फारकत अर्धी राहते. आधीच्या दोन खर्ड्यांत इथे भांडण होतं, रडणं होतं, दोन पानी संवाद होता. तो सगळा गेला.

म्हणून ‘लोकासेन्ना’तली नोंद खोटी ठरत नाही. एगिरच्या मेजवानीत दोघं नवराबायको म्हणूनच बसतात. तिथे लोकी सगळ्यांचे वाभाडे काढतो, आणि स्काडीला तोंडावर सांगतो की त्याझीला मारताना पहिला आणि सगळ्यात पुढे मी होतो. तिचं उत्तर काव्यात आहे, थंड आणि छोटं : माझ्या देवस्थानांतून, माझ्या शेतांतून तुला कायम थंडच सल्ला मिळेल. न्योर्ड यावर मूळ काव्यात काही बोलत नाही, आम्हीही त्याला बोलू दिलं नाही. लोकी गेल्यावर दोघं बाहेर येतात. शेवटच्या पानाचे सहा खर्डे झाले. एकात ती त्याच्याबरोबर बंदराकडे निघते, एकात तो डोंगराकडे. सहाव्यात दोघं जागीच उभी आहेत. ती विचारते, “खाली समुद्रावर धुकं आहे का?”

“आज नाही.”